टपालाची विचारपूस



"टपाल आलें का?" हा प्रश्न मीं लहानपणापासून इतक्या तोंडांतून ऐकला आहे कीं, त्याचे निरनिराळे सूर मला आजहि वेगळे ओळखतां येतील. मुंबईस गिरणींत असलेल्या मुलाच्या मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या म्हातारीचा सूर निराळा, नोकरीच्या बोलावण्याची वाट पाहणाऱ्या तरुणाचा निराळा, आणि कोर्टाच्या समन्साची धास्ती घेतलेल्या गृहस्थाचा तर अगदींच निराळा; कारण त्याला 'नाहीं' हेंच उत्तर हवें असे. आमच्या गांवचा पोस्टमन सायकल ओढ्यापलीकडे ठेवून पायीं येई. त्याच्या पिशवींत आपल्यासाठीं कांहीं आहे कीं नाहीं, एवढेंच लोकांना प्रथम कळावयास हवें असे. काय आहे, तें मागाहून.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो हाच प्रश्न आहे. फक्त पिशवी बदलली आहे. संगणकावर येणारें जें टपाल, ज्याला आपण ई-मेल म्हणतों, तें दूरच्या एका यंत्रांत येऊन पडतें. तें तेथें येऊन थांबलें आहे कीं नाहीं, हें चित्रांची व रंगांची सारी आरास न उघडतां, काळ्या पडद्यावर एक ओळ टंकून कसें विचारावें. आणि मुख्य म्हणजे, विचारतांना आपली ओळख कोणाला, केव्हां व कशाच्या भरंवशावर सांगावी, हें मी स्वतःच्या अनुभवावरून सांगणार आहें. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. उभें आयुष्य राजापूर तालुक्यांतील मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत गेलें. निवृत्त झाल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपला वापरून झालेला संगणक मला आणून दिला, आणि त्याबरोबर ही विद्याहि थोडी थोडी दिली. तेव्हां यांत चुकेल तें माझें, आणि बरोबर असेल तें त्याचें, असें समजावें.

एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. मोबाइल खिशांत असतो, पत्र आलें कीं तो आपण होऊन टिणटिणतो. खरें आहे. परंतु आषाढांत आमच्या बाजूस पाऊस लागला म्हणजे मोबाइलची रेघ एकावर येते, आणि टपालाचें पान उघडावयास घेतलें तर पांढरा पडदा पाहत बसावें लागतें. याउलट, ओळीनें विचारलेला प्रश्न आणि त्याचें उत्तर मिळून जेमतेम कांहीं हजार अक्षरांची ये-जा होते. तेवढी त्या एका रेघेवरहि होऊन जाते. दुसरेंहि एक कारण आहे. ओळीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर माणसानेंच वाचलें पाहिजे असें नाहीं. तें दुसऱ्या ओळीच्या हातीं देतां येतें. पत्र असेल तर घंटा वाजीव, नसेल तर गप्प बस, असें यंत्राला सांगून ठेवतां येतें. ही सोय मोठी आहे, आणि पुढें सांगेन त्याप्रमाणें धोकाहि तिच्यांतच आहे.

या विचारपुशीचा इतिहास मनोरंजक आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत युनिक्स नांवाच्या प्रणालीसाठीं 'बिफ' नांवाची एक छोटी आज्ञा तयार झाली. काम चालू असतांना पत्र येऊन पडलें कीं ती पडद्यावर तशी वर्दी देई. बिफ हें तेथें येणाऱ्या-जाणाऱ्या एका कुत्र्याचें नांव. तो पोस्टमन दिसला कीं भुंकत असे, म्हणून आज्ञेला त्याचें नांव दिलें, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. पण ज्यांचा तो कुत्रा होता त्या बाईंनीं मागाहून स्पष्ट केलें कीं, हा भुंकण्याचा भाग कोणीतरी रचलेला आहे. चांगल्या गोष्टींचें असेंच होतें. खऱ्या निघाल्या नाहींत तरी टिकून राहतात. आजहि युनिक्सच्या वंशांतील संगणकांवर 'बॅश' नांवाचा जो आज्ञा घेणारा कारकून बसलेला असतो, तो मुळांत दर ६० सेकंदांनीं टपालाच्या फाइलीकडे नजर टाकावयाचा, आणि पुढील आज्ञा मागण्यापूर्वीं 'तुम्हांला पत्र आहे' असें सांगावयाचा, अशीच त्याची रचना आहे.

त्या काळीं ओळख पटविण्याचा वेगळा प्रश्न नव्हता, ही गोष्ट लक्षांत घ्यावी. पत्रें त्याच यंत्रांत पडत, ज्यांत माणूस काम करी. सकाळीं कामास बसतांना नांव व परवलीचा शब्द सांगून तो एकदां आंत आला कीं संपलें. घरांतल्या माणसानें देवळींतलें पत्र उचलावें, तसें तें होतें. पुढें माणसाच्या टेबलावर लहान यंत्रें आलीं. तीं रात्रीं बंद होत, आणि बंद यंत्रांत पत्र येऊन पडणार कोठें? म्हणून पत्रें दूरच्या, सदैव जागत्या अशा सर्व्हर नांवाच्या यंत्रांत ठेवावयाचीं, आणि लहान यंत्रानें सवडीनें जाऊन तीं मागावयाचीं, अशी पद्धत निघाली. तिचे नियम प्रथम १९८४ सालीं लिहिले गेले. नांव 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल', म्हणजे सरळ पोस्टऑफिसचे नियम. आज जी चालते ती त्याची तिसरी आवृत्ति. ती १९८८ सालीं निघाली, आणि तिचा प्रमाण मसुदा १९९६ सालचा आहे. लोक तिला थोडक्यांत 'पॉप-थ्री' म्हणतात. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें, तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घ्यावी लागे आणि तास मोजले जात. जावें, विचारावें, असेल तें घेऊन परत फिरावें, ही रीत त्या काटकसरीस शोभणारीच होती.

ही विचारपूस कशी चालते, तें मी जरा सावकाश सांगतों. कारण मला स्वतःला तिच्यांत फार आनंद वाटला. यंत्रांचें बोलणें म्हणजे कांहीं गूढ विद्युत्संकेत असतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षांत तें दोन माणसांच्या खिडकीवरील संभाषणासारखें आहे, आणि साध्या इंग्रजी शब्दांत आहे. सर्व्हरला अनेक दारें असतात, त्यांना क्रमांक असतात. या कामाचें जुनें दार ११० क्रमांकाचें. तेथें जाऊन उभें राहिलें कीं प्रथम सर्व्हरच बोलतो: 'प्लस ओके', म्हणजे ठीक आहे, मी हजर आहें. मग आपण 'यूजर' हा शब्द व पुढें आपलें नांव टंकावयाचें. तो पुन्हां 'प्लस ओके' म्हणतो. मग आपण 'पास' हा शब्द व पुढें पासवर्ड टंकावयाचा. पटलें तर 'प्लस ओके'. न पटलें तर उणे चिन्ह आणि त्यापुढें 'ई-आर-आर', म्हणजे चूक. सारी भाषा अधिक आणि उणे या दोन चिन्हांवर तोललेली! पाढे शिकविणाऱ्या माणसाला यापेक्षां अधिक काय हवें? आंत प्रवेश मिळाला कीं 'स्टॅट' एवढा एक शब्द टंकावा. उत्तर येतें: 'प्लस ओके २ ३२०.' याचा अर्थ, दोन पत्रें आहेत व तीं मिळून ३२० अक्षरांचीं आहेत. झाली विचारपूस. 'क्विट' म्हणावें आणि परत फिरावें. कोणतेंहि पत्र हललें नाहीं, उघडलें नाहीं, पुसलें गेलें नाहीं.

पुसण्यासंबंधीं त्या नियमकर्त्यांनीं मोठा विवेक दाखविला आहे. एखादें पत्र काढून टाक असें आपण सांगितलें तरी सर्व्हर तें तत्काळ टाकीत नाहीं. नुसती खूण करून ठेवतो. आपण रीतसर 'क्विट' म्हणून निरोप घेतला तरच खूण केलेलीं पत्रें खरोखर जातात. मध्येंच तार तुटली तर सारीं जेथल्या तेथें. आमच्या पावसाची ज्याला कल्पना आहे त्यानेंच हा नियम लिहिला असावा, असें मला वाटून गेलें.

एक सावधगिरी मात्र येथें सांगितली पाहिजे. पॉप-थ्रीला 'वाचलेलें' व 'न वाचलेलें' हा भेद माहीत नाहीं. पेटींत जेवढीं पत्रें, तेवढा आंकडा. मी पहिले आठ दिवस रोज 'स्टॅट' विचारीत होतों आणि रोज ४१ हा आंकडा पाहून हरखत होतों. पत्रें तींच होतीं! नवीं किती हें हवें असेल तर 'आय-मॅप' नांवाची दुसरी पद्धत आहे, जिचा आरंभ स्टॅनफर्ड विद्यापीठांत मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं केला. तिच्यांत 'इनबॉक्सची स्थिति सांग, न पाहिलेलीं किती?' असा नेमका प्रश्न विचारतां येतो, आणि उत्तरांत नेमका आंकडा येतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वरील संभाषणांत आपण पासवर्ड जसाच्या तसा टंकला. तो तारेवरून जसाच्या तसा गेला. मधल्या वाटेवर ज्याला कान लावतां येईल त्यानें तो पोस्टकार्डासारखा वाचावा. हें नियमकर्त्यांच्याहि ध्यानांत होतें, म्हणून त्यांनीं एक युक्ति त्याच नियमांत घालून ठेवली होती. तिचें नांव 'ए-पॉप'. तींत सर्व्हर प्रथम दर वेळीं निराळी अशी एक खूण पाठवितो. आपलें यंत्र ती खूण आणि पासवर्ड एकापुढें एक मांडून गणिताच्या जात्यांत घालतें, आणि जें पीठ निघेल तेवढेंच पाठवितें. सर्व्हरजवळहि तोच पासवर्ड असतो. तोहि तसेंच दळतो आणि पीठ जुळतें का पाहतो. मूळ शब्द तारेवरून जातच नाहीं, आणि कालचें पीठ आज चोरून उपयोग नाहीं, कारण आजची खूण वेगळी. युक्ति ऐकून मीं मनांत टाळी वाजविली होती. परंतु त्या जात्यांतच दोष निघाला. 'एम-डी-फाइव्ह' नांवाच्या त्या गणितांत दोन निरनिराळीं धान्यें दळून एकच पीठ निघूं शकतें, हें चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं दाखवून दिलें. आणि २००७ सालीं दाखविलें गेलें कीं, त्याचा उपयोग करून पासवर्डाचीं पहिलीं कांहीं अक्षरें काढतां येतात. कशी? कोणी लबाडानें सर्व्हरचें सोंग घेऊन, मुद्दाम रचलेल्या खुणा आपल्या यंत्राकडे पुनःपुन्हां पाठवावयाच्या, आणि येणाऱ्या उत्तरांवरून अंदाज बांधावयाचा.

सोंग घेऊन, हा शब्द मीं जाणूनबुजून वापरला. आपण इतका वेळ आपली ओळख सर्व्हरला कशी पटवावी याचाच विचार करीत होतों. पण सर्व्हरची ओळख आपल्याला कोणी पटवून दिली? दारावर पोस्टाची पाटी लावून कोणीहि बसूं शकेल. पाटी वाचून आपण रजिस्टर पत्राची सही करून देणार काय?

याचा उपाय असा निघाला कीं, संभाषणास आरंभ होण्यापूर्वींच सारा मार्ग सांकेतिक करावयाचा. त्यासाठीं ९९५ क्रमांकाचें वेगळें दार आहे, आणि आय-मॅपसाठीं ९९३. त्या दारावर सर्व्हर प्रथम आपलें प्रमाणपत्र पुढें करतो. त्यावर त्याचें नांव असतें, मुदत असते, आणि ज्यांच्या सहीवर सर्वांचा विश्वास अशा एखाद्या संस्थेची सही असते. अशा विश्वासू संस्थांची यादी आपल्या संगणकांत आधींच ठेवलेली असते. आपल्या यंत्रानें पाहावयाचें तें एवढेंच: सही ओळखीची आहे काय, मुदत संपली तर नाहीं ना, आणि प्रमाणपत्रावरील नांव आपण ज्याला भेटावयास आलों त्याचेंच आहे काय. हा तिसरा प्रश्न विसरूं नये. प्रमाणपत्र अस्सल असून दुसऱ्याच माणसाचें असूं शकतें. दाखला खरा, पण विद्यार्थी भलताच, हा प्रकार परीक्षाकेंद्रावर मीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे.

हातानें हें करून पाहावयाचें असेल तर 'ओपन-एस-एस-एल' नांवाचें एक हत्यार आहे. त्याच्या 'एस-क्लायंट' या आज्ञेनें ९९५ च्या दाराशीं जाऊन वरील सारें संभाषण स्वतः टंकतां येतें. शिकण्यासाठीं तें उत्तम. पण तें तपासणीचें हत्यार आहे, पहारेकरी नव्हे. प्रमाणपत्र न पटलें तर तें तसें लिहून दाखवितें, आणि तरीहि पुढें जाऊं देतें! थांबावयास हवें असेल तर 'पडताळणी चुकल्यास परत फीर' असें त्याला वेगळें सांगावें लागतें, आणि नांव जुळतें का हेंहि वेगळेंच सांगावें लागतें. त्याची एक गंमतहि सांगतों. पत्र मागण्याचा जो 'रेट्र' हा शब्द, तो मीं ऐटींत मोठ्या इंग्रजी अक्षरांत टंकला. तर पत्र येण्याऐवजीं पडद्यावर भलताच मजकूर आला. मागाहून कळलें कीं, ओळीच्या आरंभीं मोठें 'आर' दिसलें कीं हें हत्यार तें सर्व्हरकडे न पाठवितां स्वतःलाच दिलेली आज्ञा समजतें, आणि जोडणीची बोलणी नव्यानें करूं लागतें. लहान अक्षरांत टंकलें आणि पत्र मुकाट्यानें आलें.

रोजच्या विचारपुशीस मी 'कर्ल' नांवाची आज्ञा वापरतों. ही स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनीं १९९८ पासून वाढविलेली आहे. ती सर्व्हरचें प्रमाणपत्र आपण होऊन तपासते आणि न पटल्यास एक पाऊलहि पुढें टाकीत नाहीं. याच आज्ञेच्या बाबतींत माझ्या हातून जी चूक झाली, ती सांगण्यासाठींच खरें म्हणजे मीं हें भाषण स्वीकारलें.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीस उपचारासाठीं शहरांतील एका रुग्णालयांत न्यावें लागलें. गाठीचा तुकडा तपासणीस गेला होता, आणि अहवाल ई-मेलनें येईल असें सांगण्यांत आलें होतें. ज्यांनीं असा अहवाल कधीं वाट पाहून घेतला असेल त्यांना त्या दोन दिवसांविषयीं कांहीं सांगावयास नको. खालच्या दालनांत फुकट वायफाय होतें. मीं माझा संगणक मांडीवर उघडला आणि सवयीची ओळ टंकली. आंकड्याऐवजीं तक्रार आली: चूक क्रमांक ६०, प्रमाणपत्र पटत नाहीं. पुन्हां टंकली, पुन्हां ६०. घरीं हें कधीं झालें नव्हतें. कर्लमध्यें एक सूट आहे. आडवी रेघ व पुढें 'के' हें अक्षर लिहिलें कीं ती प्रमाणपत्राकडे डोळेझांक करते. त्या खुणेचें पूर्ण नांवच 'असुरक्षित' असें आहे. म्हणजे हत्यार करणारानें आपल्याला फसविलें असें म्हणावयास जागा नाहीं. मला तें ठाऊक होतें. तरी मीं तें 'के' लिहिलें, पासवर्ड दिला, आणि तत्काळ उत्तर आलें: न पाहिलेलें पत्र १.

तें पत्र विजेच्या बिलाचें होतें.

रात्रीं मीं माझ्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. प्रकृतीचें विचारून झाल्यावर सहज हाहि प्रकार सांगितला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, त्या सूचनेकडे दुर्लक्ष करून पासवर्ड दिलात? समोर कोण होतें?"

मी म्हणालों, "अरे, पण काम झालें ना! उत्तर बरोबर आलें. बिलाचें पत्र खरोखरच होतें."

"उत्तर बरोबर येणारच," तो म्हणाला. "मधला माणूस तुमचा निरोप खऱ्या सर्व्हरला पोंचवितो आणि त्याचें उत्तर तुम्हांला आणून देतो. तो काम बिघडवीत नाहीं, गुरुजी. काम नीट झालें तरच त्याचें फावतें."

मीं ३४ वर्षें मुलांना सांगितलें होतें कीं, उत्तर बरोबर आलें म्हणून रीत बरोबर ठरत नाहीं. मला रीत दाखवा. आणि येथें मीच उत्तराकडे बोट दाखवून रीत झांकीत होतों. त्याच रात्रीं, रुग्णालयाबाहेर रस्त्यावर उभें राहून, मोबाइलच्या स्वतःच्या जोडणीवरून मीं पासवर्ड बदलला. त्या जोडणीवर प्रमाणपत्राची तक्रार आली नाहीं. दालनांत कोणी मुद्दाम कांहीं केलें होतें, कीं तेथल्या यंत्राची रचनाच तशी होती, हें मला कधींच कळणार नाहीं, आणि म्हणून मी कोणाला दोषहि देत नाहीं. अहवाल दुसऱ्या दिवशीं कागदावरच हातीं मिळाला. तो चांगला होता.

या प्रसंगानंतर माझ्या मनांत एक हिशेब आला, तो आपणहि करून पाहावा. विचारपुशीची ओळ आपण यंत्राला दर पांच मिनिटांनीं चालवावयास सांगितली, तर दिवसांतून ती २८८ वेळां चालते. प्रत्येक वेळीं पासवर्ड बाहेर पडतो. पत्र वाचण्यासाठीं माणूस दिवसांतून दोनदां जाईल, 'आलें का?' हें विचारण्यासाठीं मात्र त्याचें यंत्र त्याच्या नकळत, तो झोंपलेला असतांना, कोठल्याहि जोडणीवरून, २८८ वेळां दार ठोठावतें. आणि त्या ओळींत एकदां तें 'के' लिहून ठेवलें असेल, तर २८८ वेळां न विचारतां किल्ली पुढें करतें. प्रश्न क्षुल्लक म्हणून त्याची काळजी कमी, अशी आपली समजूत असते. हिशेब उलट आहे.

म्हणून आतां मी काय करतों तें थोडक्यांत सांगतों. पासवर्ड मी आज्ञेच्या ओळींतच कधींहि लिहीत नाहीं. कारण टंकलेल्या ओळींची नोंद संगणक ठेवतो, आणि चालू असलेल्या आज्ञा त्याच यंत्रावरील दुसऱ्यास दिसूं शकतात. तो एका वेगळ्या फाइलींत ठेवून ती फाइल माझ्यावांचून कोणास वाचतां येणार नाहीं अशी केली आहे. शिवाय तो माझा मुख्य पासवर्डहि नव्हे. गूगलसारख्या कंपन्यांनीं नुसत्या नांव-पासवर्डावर अशा आज्ञांना आंत घेणें बंद केलें आहे. गूगलनें सामान्य खात्यांसाठीं हा फेर ३० मे २०२२ पासून केला. त्यांच्याकडे अशा एका कामापुरता १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढून घेतां येतो. तो गेला तर तेवढाच रद्द करावा. घराची किल्ली न देतां गोठ्याची द्यावी, तसें. याहून पुढची रीत म्हणजे पासवर्डाऐवजीं मुदतीची परवानाचिठ्ठी देणें. ती चांगली आहे, पण ती बसविण्यांत माझे दोन आठवडे गेले आणि शेवटीं विद्यार्थ्यालाच बोलवावें लागलें, म्हणून तिच्याविषयीं मी बोलत नाहीं.

ज्यांना स्वतः ओळ रचण्याचा कंटाळा असेल त्यांच्यासाठीं 'फेचमेल' म्हणून एक जुनी आज्ञा आहे. एरिक रेमंड यांनीं ती १९९६ पासून वाढविली. तिला 'चेक' असें सांगितलें कीं ती पत्र आणीत नाहीं, पुशीत नाहीं. आहे कीं नाहीं एवढेंच एका आंकड्यानें सांगते. मात्र येथें ० म्हणजे पत्र आहे, आणि १ म्हणजे पत्र नाहीं! शून्य मिळाल्याचा आनंद मानावयाचा, हें माझ्यासारख्या मास्तरास जड गेलें. २०१९ सालच्या तिच्या ६.४ आवृत्तीपासून सर्व्हरचें प्रमाणपत्र तपासणें हा तिचा मूळ स्वभाव झाला आहे. त्यापूर्वीं तें मुद्दाम सांगावें लागे. कोणाच्या संगणकावर जुनी आवृत्ति असेल तर त्यांनीं पाहून घ्यावें.

या आंकड्यांवरूनच एक शेवटची गोष्ट सांगतों. मीं प्रथम जी ओळ रचली होती ती पत्र असेल तर घंटा वाजवी, आणि एरवीं गप्प राही. गप्प राहणें म्हणजे पत्र नाहीं, असें मी धरून चालत होतों. एका पावसाळ्यांत ती चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशीं ध्यानांत आलें कीं, माझा पासवर्ड बदललेला होता आणि ओळीला आंतच घेत नव्हते. पेटींत सहा पत्रें पडलेलीं. म्हणून 'नाहीं' हें उत्तर आणि 'विचारतां आलें नाहीं' ही स्थिति, यांना निरनिराळे आवाज दिले पाहिजेत. फेचमेलमध्यें १ म्हणजे पत्र नाहीं, २ म्हणजे जोडणीच जमली नाहीं, ३ म्हणजे तुमची ओळख पटली नाहीं. कर्लमध्यें ६० म्हणजे समोरच्याची ओळख आपल्याला पटली नाहीं, आणि ६७ म्हणजे आपली ओळख समोरच्यास पटली नाहीं. माझ्या ओळींत आतां या प्रत्येकासाठीं वेगळें मराठी वाक्य आहे. ६० आलें कीं पडद्यावर उमटतें: 'समोर कोण आहे तें ठाऊक नाहीं. थांबा.' आणि ओळ तेथेंच संपते. 'के' लिहिण्याची वाट मीं तींत ठेवलेलीच नाहीं.

काल सायंकाळीं येथें येण्याच्या तयारींत असतांना पत्नीनें स्वयंपाकघरांतून विचारलें, "आलें का कांहीं?" मीं ओळ चालविली. बाहेर पाऊस होता, रेघ एकच होती. प्रमाणपत्र पटलें, आणि उत्तर आलें: २. एक मुलाचें होतें, आणि दुसरें या भाषणाची वेळ कळविणारें.